दुव्यांचे आकडे का हलतात?



नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हादरू लागली, हे या सभेत कोणाला सांगावयास नको. धुंदलवाडीच्या परिसरात लोकांनी ऐन थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या. आरंभी जे धक्के नोंदले जात, ते बहुतेक माणसाला जाणवण्याइतके मोठे असत. २०१९ च्या प्रारंभी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने याच भागात भूकंपमापक यंत्रे बसविली, आणि मग नोंदींची संख्या हजारांत गेली. पृथ्वी एकाएकी दसपट खवळली, असे कोणाला वाटले तर नवल नाही. वस्तुतः त्या वाढीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या. धक्के खरोखरच होत होते; आणि पूर्वी दूरच्या यंत्राला न कळणारे बारीक धक्केही आता जवळच्या यंत्राला कळू लागले होते. वाढलेल्या आकड्यात जमिनीचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे वेगळे केल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नव्हता.

आजचा विषय भूकंपाचा नाही. पण नेमका हाच प्रश्न इंटरनेटवरील एका नव्या धंद्यात रोज उभा राहतो, आणि तो न समजल्यामुळे आपल्यासारख्या गावांतील माणसांचे पैसे विनाकारण जातात. म्हणून तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

बोर्डीचे एक चिकू बागायतदार आपण डोळ्यांसमोर आणू. हे गृहस्थ काल्पनिक आहेत. त्यांची अडचण मात्र काल्पनिक नाही. त्यांनी वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आणि एक संकेतस्थळ काढले. संकेतस्थळाची देखभाल शहरातील एका इसमाकडे दिली. एके सकाळी त्या इसमाचा निरोप आला : "काका, तुमचे बॅकलिंक २४० होते, ते १३० झाले. ऑथॉरिटी १८ होती, ती ११ झाली. तातडीने नवे दुवे घ्यावे लागतील. २५,००० रुपये खर्च येईल." काकांना यातले काही कळत नाही. पण १८ चे ११ झाले म्हणजे काहीतरी बुडाले, एवढे कळते. ते कपाटाकडे वळतात. त्यांनी कपाट उघडण्यापूर्वी आपण चार गोष्टी समजून घेऊ.

पहिली गोष्ट : दुवा म्हणजे काय? एका संकेतस्थळाच्या पानावर दुसऱ्या संकेतस्थळाचा पत्ता दिलेला असतो. त्यावर बोट ठेवले की वाचक तेथे पोहोचतो. हा दुवा ज्याच्याकडे येतो, त्याच्या दृष्टीने तो बॅकलिंक. डहाणू स्थानकावर उतरलेल्या पाहुण्याला रिक्षावाल्याने "बोर्डीला अमक्यांकडे उतरा" असे सांगावे, तशीच ही शिफारस असते. शिफारशी मोजून मोल ठरविण्याची कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानातील निबंधांची अशी सूची प्रसिद्ध केली की, कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला हे तीत सापडावे. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी तेच तत्त्व संकेतस्थळांना लावले. त्यांनी त्यात महत्त्वाची भर घातली ती अशी : शिफारशी नुसत्या मोजू नयेत, शिफारस करणाऱ्याचे वजनही पाहावे, आणि त्याचे वजन त्याला मिळालेल्या शिफारशींवरून ठरवावे. याला त्यांनी पेजरँक असे नाव दिले. गूगलचा पाया तोच.

पुष्कळ वर्षे गूगल हा पेजरँक शून्य ते दहा या पट्टीवर लोकांना दाखवीत असे. दुव्यांचा बाजार भरण्यास त्या पट्टीने चांगलाच हातभार लावला. २०१६ साली गूगलने ती पट्टी लोकांपुढून काढून घेतली. तेव्हा आज काकांना जो "ऑथॉरिटी"चा आकडा सांगितला जातो, तो गूगलचा नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मॉझ ही कंपनी "डोमेन ऑथॉरिटी" काढते, अहरेफ्स "डोमेन रेटिंग" काढते, मॅजेस्टिक "ट्रस्ट फ्लो" आणि "सायटेशन फ्लो" काढते, सेमरश "ऑथॉरिटी स्कोअर" काढते. हे सर्व खासगी कंपन्यांचे स्वतःचे अंदाज आहेत. शोधाच्या निकालात कोणाला वर ठेवावयाचे हे ठरविताना गूगल यांपैकी कोणाचाही आकडा विचारीत नाही.

दुसरी गोष्ट : हे आकडे गोळा कसे होतात? प्रत्येक कंपनीची एक आज्ञावली असते. तिला क्रॉलर म्हणतात. ती एका पानावर जाते, तेथील दुवे टिपून घेते, त्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जाते, आणि असे अखंड फिरत राहते. घरोघर फिरणारा गणतीदार जसा, तशी ही आज्ञावली. आता तलासरीच्या पाड्यापाड्यांतून फिरणाऱ्या गणतीदाराची कल्पना करा. पावसाळ्यात एखाद्या पाड्याची वाट बंद असते. तो पाडा त्याच्या यादीत राहून जातो. दिवाळीनंतर कित्येक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला बाहेरगावी जातात. तेव्हा दाराला कुलूप दिसते. कोठे माणूस घरी असतो, पण दार उघडत नाही. एका गणतीदाराने जानेवारीत मोजले आणि दुसऱ्याने ऑगस्टमध्ये मोजले, तर दोघांच्या यादीत एकच गाव वेगवेगळ्या संख्येचे दिसेल. दोघेही खोटे बोलत नसतील.

क्रॉलरचेही असेच होते. ज्या संगणकावर ते पान ठेवलेले असते तो त्या वेळी बंद असला, तर कुलूप दिसते. पानाच्या मालकाने "अमक्या क्रॉलरने आत येऊ नये" अशी पाटी लावली असली, तर दार उघडत नाही. आपल्या यंत्रावरचा भार कमी व्हावा म्हणून पुष्कळ संकेतस्थळे अशी पाटी लावतात. काही पाने इतकी आडबाजूला असतात की, तेथे क्रॉलर महिनोन्महिने फिरकत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचा गणतीदार वेगळा, त्याची वाट वेगळी, यादी किती जुनी ठेवावयाची याचा नियम वेगळा. मॅजेस्टिक तर दोन याद्या ठेवते : एक अलीकडच्या काळाची आणि एक सर्व काळाची. साहजिकच दोहोंतील आकडे जुळत नाहीत. खुद्द गूगल आपल्या सर्च कन्सोलमध्ये मालकाला त्याच्याकडे येणारे दुवे दाखविते, पण त्यातही सर्वच दुवे दाखविले जातात असे नाही. सारांश, दुव्यांची अखेरची, परिपूर्ण यादी कोणापाशीच नाही.

तिसरी गोष्ट, आणि हीच मुख्य : आकडा बदलला तर तो तीन कारणांपैकी कोणत्या तरी कारणाने बदलतो. जमीन हलली असेल, यंत्र बदलले असेल, किंवा मोजपट्टी बदलली असेल.

जमीन हलली म्हणजे दुवा खरोखरच गेला. हे फार घडते. इंटरनेटवरची पाने आपण समजतो तितकी चिरंजीव नाहीत. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. कोणी संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क भरीत नाही, कोणी संस्था बंद करते, कोणी फेररचना करताना जुनी पाने टाकून देते. त्यांच्याबरोबर त्यांवरचे दुवेही जातात. यात ज्याच्याकडे दुवा येत होता त्याचा काही अपराध नसतो.

यंत्र बदलले म्हणजे मोजणाराचा आवाका बदलला. कंपनीने अधिक संगणक लावले, की काल न दिसलेले दुवे आज दिसतात आणि आकडा उडी मारतो. उलट, कंपनीने आपली यादी साफ केली, कचरा संकेतस्थळे काढून टाकली, किंवा दीर्घकाळ पुन्हा न तपासलेले दुवे वगळले, की आकडा कोसळतो. या दोन्ही वेळी आपल्या दारात काहीही घडलेले नसते.

मोजपट्टी बदलली म्हणजे हिशोबाची रीत बदलली. मॉझने मार्च २०१९ मध्ये डोमेन ऑथॉरिटी काढण्याची पद्धतच नवी केली. त्या वेळी असंख्य संकेतस्थळांचे आकडे एकाच सुमारास खालीवर झाले. सेमरशच्या आकड्यात दुव्यांखेरीज भेटींचा अंदाज आणि लबाडीची लक्षणेही धरली जातात. त्या अंदाजात फरक पडला तरी आकडा हलतो. दुव्यांची किंमत ठरविण्याचे नियमही बदलत गेले आहेत. "या दुव्याला शिफारस समजू नये" अशी खूण दुव्यावर करण्याची सोय २००५ साली निघाली. २०१९ साली गूगलने जाहीर केले की, ही खूण यापुढे आज्ञा न मानता सूचना म्हणून मानली जाईल. आणि पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी व वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातील दुव्यांसाठी दोन नव्या खुणा दिल्या. अहरेफ्सच्या डोमेन रेटिंगमध्ये अशी खूण नसलेल्या दुव्यांनाच वजन मिळते. तेव्हा एखाद्या वृत्तपत्राने आपल्या जुन्या लेखांतील सर्व दुव्यांवर ही खूण केली, तर दुवा जागच्या जागी राहूनही त्याचे वजन जाते.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. वजन वाटले जाते. समजा, एका साप्ताहिकाच्या संकेतस्थळाचे वजन ६० आहे आणि ते ६ स्थळांकडे दुवे देते. प्रत्येकाच्या वाट्याला १० आले. पुढील महिन्यात त्याने आणखी ६ स्थळांकडे दुवे दिले. आता प्रत्येकाच्या वाट्याला ५. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण वाटणीचे तत्त्व खरे आहे. तुमचा दुवा गेला नाही, तुमचे पान बदलले नाही, तरी तुमचा वाटा निम्मा झाला. आणि त्या साप्ताहिकाचे स्वतःचे वजन तरी स्थिर कोठे आहे? तेही इतरांच्या शिफारशींवर उभे आहे. एके ठिकाणी धक्का बसला की त्याच्या लाटा दूरवर जातात, तसेच येथेही होते.

चौथी गोष्ट मोजपट्टीच्या आकाराची. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली भूकंपाची जी मोजपट्टी बनविली, तीत ५ चा धक्का ४ च्या धक्क्याहून सव्वापट मोठा नसतो. यंत्रावर उमटणारी लाट १० पट मोठी असते आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. पट्टीवर पाऊल एकच, पण जमिनीत अंतर कितीतरी. डोमेन रेटिंग आणि डोमेन ऑथॉरिटी यांच्या पट्ट्या याच जातीच्या आहेत. १० वरून २० वर जाणे फारसे अवघड नाही; ७० वरून ८० वर जाण्यास मात्र प्रचंड बळ लागते.

या पट्टीचे दोन परिणाम होतात. एक असा की, लहान संकेतस्थळांचा आकडा फार थरथरतो. अशा पट्टीवर किती गेले यापेक्षा कितव्या हिश्श्याने गेले हे महत्त्वाचे. ज्याच्याकडे ६ ठिकाणांहून दुवे येतात त्याचे ३ गेले, तर निम्मे गेले. पट्टीवर ते ठळक दिसते. ज्याच्याकडे ६,००० ठिकाणांहून येतात त्याचे ३ गेले, तर काटा हलतही नाही. आपल्या गावातील दुकाने, शाळा, घरगुती विश्रामगृहे, वारली चित्रकारांची संकेतस्थळे ही सर्व पहिल्या जातीची. त्यांचा आकडा हलणारच. दुसरा परिणाम असा की, हा आकडा सापेक्ष आहे. पट्टीचे वरचे टोक १०० ला बांधलेले असते. वरच्या टोकाची मातबर संकेतस्थळे आणखी वाढली, की बाकीच्यांना पट्टीवर खाली सरकावे लागते. शंभर मुलांच्या वर्गात चार हुशार मुले नवी आली, म्हणून तुमच्या मुलाचा क्रमांक उतरला, तर त्याचे गुण कमी झाले असे आपण म्हणत नाही.

आता काकांकडे परत जाऊ. त्यांनी पैसे देण्याऐवजी गेलेल्या ११० दुव्यांची यादी मागितली असे समजू. ती यादी मागण्याचा त्यांना हक्क आहे आणि ही साधने ती देऊ शकतात. यादीत काय दिसते? ९६ दुवे एकाच पर्यटन सूचीचे. त्या सूचीने आपल्या प्रत्येक पानाच्या तळाशी काकांचा पत्ता छापला होता. फेररचनेत तो तळातून काढून एका मुख्य पानावर ठेवला. म्हणजे शिफारस करणारा एकच होता आणि तो अजून शिफारस करतोच आहे. ११ दुवे पाच कचरा संकेतस्थळांचे. ती कंपनीने यादीतून काढली. राहिले ३. एका महाविद्यालयाच्या निसर्गमंडळाचे पान बंद झाले. एका प्रवासी लेखकाने संकेतस्थळाचे शुल्क भरले नाही. एका साप्ताहिकातील लेखाचा पत्ता बदलला. लेख आहे, क्रॉलर अद्याप तेथे पोहोचलेला नाही. दुव्यांची संख्या आणि दुवे देणाऱ्या स्थळांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येईल. ११० गेले हा धक्का कानाला मोठा लागतो. खरे गेले ते दोन, आणि एक परत येण्याच्या वाटेवर आहे.

मग २५,००० रुपयांत काय मिळणार होते? पैसे देऊन घेतलेले दुवे. शोधात वर यावे म्हणून दुवे विकत घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही. २०१२ साली पेंग्विन नावाची सुधारणा आणून गूगलने अशा बनावट दुव्यांवर पहिला मोठा प्रहार केला, आणि पुढे अशा दुव्यांना मोजावयाचेच नाही अशी रीत पाडली. विकतचे दुवे घेतल्यावर साधनातील आकडा काही दिवस वर जाईलही. पण ती दुकाने मोडली, किंवा कंपनीने त्यांना कचरा ठरविले, की तो पुन्हा खाली येईल आणि नवा निरोप येईल. खाली जाणाऱ्या आकड्याची भीती दाखवून वर जाणारा आकडा विकावयाचा, असा हा धंदा आहे. या क्षेत्रातले सर्वच लोक तसे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. प्रामाणिक माणूस यादी मागताच देतो आणि कारण समजावून सांगतो. त्याची पारख यावरूनच करावी.

व्यवहारात काय पाळावे, ते थोडक्यात सांगतो. एका साधनाचा आकडा दुसऱ्या साधनाच्या आकड्याशी ताडून पाहू नये; दोन कंपन्यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. एकाच साधनात तीन-चार महिन्यांचा कल पाहावा; एका दिवसाची उडी पाहू नये. आपल्याबरोबर घोलवड-बोर्डीतील आपल्यासारख्याच दोन-चार संकेतस्थळांचे आकडे पाहावे. सर्वांचे एकाच आठवड्यात उतरले असतील, तर यंत्र किंवा पट्टी बदलली असे समजावे. आपलेच उतरले असतील, तर यादी उघडावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यासाठी हे सर्व मांडले आहे ते पाहावे : विचारणा आली का, पाहुणे आले का, फोन वाजला का. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो येथील मातीमुळे, हवेमुळे आणि फळाच्या गुणामुळे. कोणाच्या ऑथॉरिटीचा आकडा पाहून तो मिळालेला नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. काकांनी गेलेल्या दुव्यांची यादी पाहिली, तशीच राहिलेल्या १३० दुव्यांचीही पाहिली. त्यात एका वृत्तपत्राच्या लेखातील दुवा होता. चिकूच्या वाड्यांवरील तो लेख लोक अजून वाचतात. साधनाच्या दृष्टीने तो दुवा जिवंत होता. आकड्यात त्याचे वजन धरलेले होते. पण काकांनी त्यावर बोट ठेवले तेव्हा "पान सापडत नाही" असे आले. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच संकेतस्थळ नवे करून घेतले होते, आणि त्या वेळी जुन्या पानाचा पत्ता नाहीसा झाला होता. तो लेख वाचून त्यांच्याकडे येऊ पाहणारा प्रत्येक माणूस वर्षभर बंद दारावरून परत जात होता, आणि कोणत्याही आकड्याने त्यांना ते सांगितले नव्हते.

ज्या १०७ दुव्यांसाठी धावपळ व्हावयाची होती, त्यांचे काही बिघडले नव्हते. आणि जेथे बिघडले होते, तेथे आकडा स्थिर होता. जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर आपोआप नेण्याची सोय करणे हे जाणत्या माणसाचे थोड्या वेळाचे काम आहे. काकांनी ते त्याच दिवशी करून घ्यावे. निसर्गमंडळाला आणि त्या लेखकाला दोन ओळींचे पत्र लिहावे. मग कपाट बंद करून वाडीत जावे.